परित्राण पाठाचं फळ कशात आहे, आवाजात की अर्थात?

पिंपळपान:
सर्वांना जय भीम, नमो बुद्धाय.

मागच्या रविवारी चुलतभावाच्या नव्या घरी परित्राण पाठ, म्हणजे रक्षणासाठी केलेलं बुद्धवचनांचं पालि पठण, होता. भन्तेजी आले, पाण्याचा कलश मांडला, पांढरं सूत सगळ्यांच्या हातांतून फिरलं. महामंगल सुत्त, रतन सुत्त, करणीय मेत्त सुत्त ही सुत्तं (बुद्धांची वचनं) झाली. निघताना एका काकूंनी प्रत्येकाच्या हातात रंगीत पत्रक ठेवलं. अमुक सुत्त १०८ वेळा म्हटलं की दुखणं जातं, तमुक गाथा २१ दिवस म्हटली की कोर्टातली केस सुटते, मुलीचं लग्न जमतं.

मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. आमच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली आणि घरी येऊन देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले. नवस, उतारा, अंगारा सगळं त्या दिवशी बंद झालं. आता त्याच घरात तेच सगळं पालि भाषेत परत येणार असेल तर आजोबांनी नदीत नेमकं काय सोडलं?

संयुत्त निकाय या पालि ग्रंथात असिबंधकपुत्त नावाचा गावप्रमुख भगवान बुद्धांना विचारतो, की मंत्र म्हणून मेलेल्याला स्वर्गात पाठवणारे लोक आहेत, तुम्ही तसं करू शकता का? भगवंत त्यालाच विचारतात, मोठा धोंडा खोल डोहात टाकला आणि काठावर माणसं जमून हात जोडून ‘वर ये धोंड्या, तरंग’ म्हणू लागली, तर तो वर येईल का? आयुष्यभर वाईट वागलेल्या माणसाचंही तसंच आहे, प्रार्थनेने त्याची गती बदलत नाही. याहून स्पष्ट काय सांगायचं?

माझं मत आहे की घरच्या कार्यक्रमांतून पालि पठण थांबवावं आणि तीच सुत्तं मराठीत वाचावीत. न समजलेल्या शब्दालाच जादू चिकटते.

उपासिका_वर्धा:
दादा, पत्रकाबद्दल तुमचा राग मला समजतो. पण पालि बंद करा म्हणालात ते मनाला लागलं.

माझी आई शाळेत गेली नाही. तिचं वंदनेचं पुस्तक आहे, कव्हर गेलेलं, पहिलं पान डिंकाने चिकटवलेलं, कडा तेलाच्या बोटांनी पिवळ्या पडलेल्या. ते तिला वाचता येत नाही. नुसतं समोर उघडं ठेवते आणि पहाटे पाचला सगळं तोंडपाठ म्हणते. बाबा अतिदक्षता विभागात होते तेव्हा बाहेरच्या बाकावर नऊ रात्री तिने मेत्त सुत्त म्हटलं, ओठातल्या ओठात. बाबा वाचले नाहीत. पण त्या नऊ रात्रींत आई मोडली नाही, आणि आम्हा तिघा भावंडांना तिनेच धरून ठेवलं. याला तुम्ही फळ म्हणणार की नाही?

आणि ती काही न समजता म्हणत नाही. ‘माता यथा नियं पुत्तं’ आलं की तिचा आवाज बदलतो. आई एकुलत्या एका मुलाला जिवापलीकडे जपते तसं सगळ्या प्राणिमात्रांना जपावं, हे तिला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

बोधगयेला गेलो तेव्हा शेजारी श्रीलंकेच्या बायका बसल्या होत्या. ना त्यांना मराठी, ना आम्हाला सिंहली. ‘बुद्धं सरणं गच्छामि’ मात्र एकत्र म्हटलं. मराठीत म्हटलं असतं तर ते जमलं असतं का?

रतनदीप:
ताईंशी सहमत, पण मी पुढे जाऊन म्हणतो की पठणाने बाहेरच्या जगातही फरक पडतो. बुद्धांच्या काळी वेशाली नगरात दुष्काळ आणि रोगराई होती. त्यांचे शिष्य आनंद यांनी पात्रातलं पाणी शिंपडत नगरभर रतन सुत्त म्हटलं आणि शहर सावरलं. ही आपलीच परंपरा आहे. प्रत्येक गोष्ट प्रयोगशाळेत तपासून मगच श्रद्धा ठेवायची असेल तर विहारात यायचं कशाला? काकूंनी पत्रक वाटलं त्यात कोणाचं नुकसान झालं?

अत्थ:
पालि शिकतो आहे, म्हणून थोडं मोठं लिहितो.

वेशालीची कथा अट्ठकथेतली आहे, म्हणजे नंतरच्या भाष्यातली. मूळ रतन सुत्तात रोगराईचा उल्लेख नाही. बुद्ध, धम्म, संघ यांचे गुण सांगून पुन्हा पुन्हा ‘एतेन सच्चेन सुवत्थि होतु’ येतं. या सत्याने कल्याण होवो. भार सत्यावर दिलेला आहे, १०८ वर नाही.

पण पिंपळपान, तुमचंही अर्धंच बरोबर आहे. तिपिटक, म्हणजे बुद्धवचनांचा पालि संग्रह, लिहून निघालं ते श्रीलंकेत आलुविहारला, इ.स.पूर्व पहिल्या शतकात. तोवर चारेकशे वर्षं धम्म माणसांच्या तोंडात जगला. ते काम करणारे भाणक, म्हणजे सुत्तं तोंडपाठ ठेवून म्हणणारे भिक्खू, होते आणि ते आपल्याकडेही होते. कार्ल्याच्या चैत्यगृहात सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाने दान दिलेला खांब आजही उभा आहे. ही माणसं रोज पठण करत राहिली नसती तर तुम्ही मराठीत भाषांतर तरी कशाचं केलं असतं?

अंगुत्तर निकाय या ग्रंथात विमुक्तीच्या पाच संधी सांगितल्या आहेत: ऐकणं, दुसऱ्याला शिकवणं, सज्झाय म्हणजे पठण, चिंतन आणि समाधी. पठण त्या यादीत स्वतंत्र आहे. मात्र म्हणता म्हणता अर्थ उमगतो, त्यातून आनंद होतो, मन स्थिर होतं, असा तिथला क्रम आहे. अर्थ वगळला की क्रमच तुटतो. आजारी भिक्खू गिरिमानंदांसाठी भगवंतांनी आनंदांना पाठवलं तेव्हाही दहा संज्ञा सांगायला पाठवलं होतं. अनित्य, अनात्म अशा विचार करण्याच्या गोष्टी.

बाबासाहेबांनी स्वतः ‘बौद्ध पूजापाठ’ संकलित केला. पठण निरर्थक वाटलं असतं तर एवढ्या कामाच्या रेट्यात ते त्यासाठी बसले असते का?

परिचारिका:
‘कोणाचं नुकसान झालं’ याचं उत्तर मी देते. मी प्रसूतिगृहात काम करते. एक बाई कळा सुरू झाल्यावर तब्बल चार तासांनी आली, कारण घरी अंगुलिमाल परित्त (सुखरूप बाळंतपणासाठी म्हणतात ते) ठरलेल्या संख्येने पूर्ण करायचं होतं. रक्तदाब वाढलेला, बाळाचे ठोके मंदावलेले. दोघं वाचली, पण आमचे हात थरथरत होते.

मी बौद्धच आहे आणि ते परित्त मला पाठ आहे. एकेकाळचे दरोडेखोर, पुढे भिक्खू झालेले अंगुलिमाल एका अडलेल्या बाईला म्हणतात, भगिनी, आर्य जन्म घेतल्यापासून (म्हणजे भिक्खू झाल्यापासून) मी जाणूनबुजून कोणाचा जीव घेतल्याचं मला आठवत नाही, या सत्याने तुझं आणि तुझ्या गर्भाचं कल्याण होवो. किती माया आहे त्यात! माझ्याकडच्या बायका घाबरल्या की मी त्यांचा हात धरून हळूच म्हणते आणि त्यांचा श्वास संथ होतो. जरूर म्हणा, पण गाडीत बसून म्हणा.

पिंपळपान:
अत्थ आणि ताई, पालि थांबवा हे मी मागे घेतो. सोपाऱ्याच्या त्या भाणकाबद्दल मला माहीत नव्हतं.

पत्रकाबद्दल मात्र मागे हटणार नाही. धम्मपदात दोन्ही आहे. ‘असज्झायमला मन्ता’, पठण सुटलं की पाठांतराला गंज चढतो. आणि तिथेच पुष्कळ संहिता बोलून त्याप्रमाणे न वागणाऱ्याला दुसऱ्याच्या गाई मोजणारा गुराखी म्हटलं आहे. दूध त्याच्या वाट्याला येत नाही.

काल त्या काकूंना फोन केला. भांडायच्या तयारीनेच केला होता. त्यांच्या मुलाला दोन वर्षं काम नाही. कोणीतरी व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवला, पाचशे प्रती वाटल्या तर नोकरी लागेल म्हणून. शिवणकामाचे पैसे घालून त्यांनी त्या छापल्या. काय बोलणार होतो मी? येत्या रविवारी त्यांच्याकडे वंदना ठेवली आहे. प्रत्येक गाथेनंतर मराठी अर्थ मी वाचणार आहे. मुलाची कागदपत्रंही घेऊन बसू.

रतनदीप:
वेशालीबद्दलची माझी श्रद्धा तशीच आहे. पण चार तासांचं वाचलं आणि गप्प झालो. ते चूकच आहे.

उपासिका_वर्धा:
हा धागा आईला वाचून दाखवला. मग विचारलं, मेत्त सुत्तातलं तुला काय कळत नाही? लगेच म्हणाली, ‘सक्को उजू च सुहुजू च’. साठ वर्षं म्हणते आहे, कोणी सांगितलंच नाही. मी सांगितलं, माणूस समर्थ असावा, सरळ असावा, अगदी सरळ असावा. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “सरळ असं दोनदा कशाला सांगावं लागलं असेल गं?”

अत्थ, तिला काय सांगू?