शब्दचर्चा: भूकंपाची ‘तीव्रता’, विहिरीची ‘पातळी’, माशांची ‘मर’

गोदाघाट:
नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, कळवण या पट्ट्यात जमीन हलली की दुसऱ्या दिवशीची बातमी ठरलेल्या साच्यात येते. ‘पेठ तालुक्यात भूकंपाचा सौम्य धक्का, ३.१ रिश्टर स्केल तीव्रतेची नोंद, केंद्रबिंदू नाशिकपासून ४० किलोमीटरवर.’ या एका वाक्यात तीन शब्द खटकतात. ‘तीव्रता’ नेमकी कशाची? ‘रिश्टर स्केल’ हे एकक आहे का? आणि ‘नाशिकपासून ४० किलोमीटर’ म्हणजे कोणत्या दिशेला? जाणकारांनी लिहावं.

काळा पाषाण:
‘तीव्रता’ आधी घेऊ, कारण सगळा घोळ तिथेच आहे. शास्त्रात दोन वेगळी मापं आहेत. मॅग्निट्यूड म्हणजे खडक तुटला तिथे भूकंप केवढा झाला याचा आकडा. एका भूकंपाला तो एकच. इंटेन्सिटी म्हणजे एखाद्या गावात जमीन किती हलली आणि त्याने काय झालं. ती गावागणिक बदलते. नाशिक ढोलावर टिपरू किती जोरात बसलं हे एक, आणि तो आवाज पंचवटीत किती आला, म्हसरूळला किती आला हे दुसरं. मराठी बातमीत दोन्हीला ‘तीव्रता’च म्हणतात.

मॅग्निट्यूडमध्ये एका अंकाची वाढ म्हणजे भूकंपमापक यंत्रावरच्या रेघेची उंची दहापट आणि सुटलेली ऊर्जा सुमारे ३२ पट. म्हणजे ३ आणि ५ यांच्यात ऊर्जेचं अंतर हजारपटीचं. इंटेन्सिटीला असं गणित नाही, तिथे बारा अंश आहेत आणि ते परिणाम पाहून ठरतात. तिसऱ्या अंशाला टांगलेला दिवा हलतो, घरात बसलेल्या काहींनाच कळतं. चौथ्याला मांडणीवरची भांडी वाजतात. पाचव्याला झोपलेले जागे होतात, सहाव्याला गिलाव्याला तडे जातात, सातव्याला कच्च्या भिंती फुटू लागतात, आठव्याला त्या पडतात. हे अंश रोमन आकड्यांत लिहिले की गल्लत होत नाही. वाचणाऱ्यासाठी सोपी खूण: दशांश चिन्ह दिसलं की तो सहसा मॅग्निट्यूड असतो.

हा निव्वळ शब्दांचा कीस नाही. कोयना (११ डिसेंबर १९६७) आणि किल्लारी (३० सप्टेंबर १९९३) या दोन्ही भूकंपांचं मॅग्निट्यूड सहाच्या थोडं वर, जवळजवळ सारखं. दोन्ही पहाटेचे, माणसं घरात झोपलेली. तरी कोयनेच्या तुलनेत किल्लारी परिसरात कितीतरी पट अधिक, हजारोंनी माणसं गेली. तिथे दाट वस्तीची गावं होती, दगड मातीत रचून उभारलेल्या जाड भिंती होत्या आणि वर दरवर्षी मातीचा थर चढत गेलेलं जड माळवद. आकडा खडकाचा होता, मरण घराच्या बांधणीत होतं. दोन्ही गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या की वाचणारा आकडा बघून निश्चिंत होतो, भिंतीकडे बघतच नाही.

चणकापूर कालवा:
मग मॅग्निट्यूडला ‘भूकंपमान’ म्हणावं. तापमान, पर्जन्यमान, आयुर्मान या ओळीत तो सहज बसतो. ‘महत्ता’ नको, ‘भूकंपाची महत्ता’ म्हटलं की त्याचा गौरव केल्यासारखं वाटतं. ‘परिमाण’ही नको, ते आधीच एकक, मोजमाप आणि मिती अशा तीन ठिकाणी राबतंय.

अनुस्वार:
‘महत्ता’ आणि ‘परिमाण’ यांबद्दल सहमत. ‘भूकंपमान’ला मात्र अडचण आहे. तापमान कुणाचं? नाशिकचं. पर्जन्यमान कुणाचं? इगतपुरीचं. म्हणजे या -मानाच्या शब्दांना आपण ठिकाण जोडतो. ‘पेठचं भूकंपमान’ असं कुणीतरी लिहिणारच, आणि ते पुन्हा इंटेन्सिटीच्याच अर्थाने वाचलं जाईल. ज्या गल्लतीतून सुटायचं, तिथेच परत.

काळा पाषाण:
हा मुद्दा मान्य. म्हणून मी तरी ‘मॅग्निट्यूड’ तसाच ठेवतो आणि ‘तीव्रता’ फक्त इंटेन्सिटीसाठी राखतो. ‘पेठजवळ ३.१ मॅग्निट्यूडचा भूकंप, गावात तीव्रता चौथ्या अंशाची.’ कानाला थोडं जड आहे, पण अर्थ निसटत नाही.

आता ‘रिश्टर स्केल’. ते एकक नाही, मोजपट्टीचं नाव आहे. ‘३.१ रिश्टर स्केलचा’ हे ‘पाच फूटपट्टीचं कापड’ म्हटल्यासारखं आहे. मॅग्निट्यूडला एककच नसतं. शिवाय रिश्टर यांनी १९३५ मध्ये ती पट्टी कॅलिफोर्नियासाठी, एका ठरावीक यंत्रावर बेतली होती: केंद्रापासून १०० किलोमीटरवरच्या त्या यंत्रावर रेघ १ मिलिमीटर हलली तर ३. लहान स्थानिक भूकंपांना त्याच जातीची पट्टी अजून लावतात. मोठ्यांना ती पुरत नाही, एका मर्यादेपुढे आकडा वाढायचाच थांबतो. म्हणून तिथे मोमेंट मॅग्निट्यूड वापरतात, जे प्रस्तरभंगाचं (खडक तुटून सरकतो त्या भेगेचं) क्षेत्रफळ आणि खडक किती सरकला यावरून निघतं. तेव्हा ‘रिश्टर’ गाळून नुसतं ‘३.१ मॅग्निट्यूड’ लिहिणं सर्वांत सुरक्षित.

गोदाघाट:
आणि ते ४० किलोमीटर?

काळा पाषाण:
ते समजायला नोंद कशी वाचतात ते पाहावं लागेल. नाशकात ‘मेरी’ हे पुष्कळांना दिंडोरी रोडवरच्या वस्तीचं नाव वाटतं. ती मुळात महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५९ पासूनची, आणि धरणांच्या परिसरातल्या भूकंपनोंदी हे तिच्या कामांपैकी एक. भूकंपमापकावर आधी प्राथमिक तरंग येतो, मग दुय्यम. आपल्याकडच्या खडकात पहिला सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावतो, दुसरा साडेतीन. दोघांच्या येण्यातलं अंतर सेकंदांत मोजायचं आणि ८ ने गुणायचं. पाच सेकंदांचा फरक असला तर सुमारे ४० किलोमीटर.

पण एका यंत्रावरून अंतर कळतं, जागा नाही. नाशिकभोवती ४० किलोमीटरचं वर्तुळ काढा: पेठही त्याच्या आसपास येतं आणि इगतपुरीही. जागा ठरवायला किमान तीन केंद्रांच्या नोंदी लागतात, त्यांची वर्तुळं जिथे छेदतात तिथे भूकंप. चूक बहुतेक दुय्यम तरंग ओळखण्यात होते. तो पहिल्याच्या शेपटात मिसळलेला असतो. एक सेकंद चुकला की ८ किलोमीटर गेले.

‘केंद्रबिंदू’ही दुहेरी वापरला जातो. खाली खडक जिथे तुटला ती नाभी, तिच्या बरोबर वर जमिनीवरची जागा ते अपिकेंद्र. ‘केंद्रबिंदू जमिनीखाली १० किलोमीटर’ लिहिलं असेल तर ती नाभी. जवळपास यंत्रं कमी असली की खोली नीट निघत नाही आणि गणितात ५ किंवा १० धरून पुढे जातात. बातम्यांत १० हा आकडा इतका वारंवार दिसतो तो त्यामुळेच.

चणकापूर कालवा:
एक जोड. ‘पश्चात धक्के’ हा शब्द मुख्य धक्का होऊन गेल्यावरच लागू होतो. डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून जे चाललं, त्यात छोट्या-मध्यम धक्क्यांची रांग होती, कुणा एका मोठ्याचे हे पाठराखे नव्हते. त्याला ‘धक्क्यांची मालिका’ म्हणावं. आणि ‘भूगर्भातून गूढ आवाज’ यातला ‘गूढ’ आता सोडून द्यावा. नाभी उथळ असली की प्राथमिक तरंग जमिनीतून हवेत शिरतो, त्याचा वरच्या वारंवारतेचा भाग कानाला गडगडल्यासारखा ऐकू येतो. धक्का जाणवण्याइतका नसला तरी आवाज येऊ शकतो. ‘गूढ’ लिहिलं की गावात घबराट पसरते.

अनुस्वार:
‘भूकंपप्रवण क्षेत्र ३’ याबद्दलही कुणी लिहा. नाशिक क्षेत्र ३ मध्ये, हे वाचून ‘आपल्याकडे ३ चाच भूकंप होतो’ असं म्हणणारे भेटतात.

काळा पाषाण:
त्या ३ चा मॅग्निट्यूडशी काही संबंध नाही. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानक क्रमांक १८९३ च्या, २०१६ सालच्या आवृत्तीत देशाचे २ ते ५ असे चार विभाग आहेत, नाशिक तिसऱ्यात. त्याचा क्षेत्रगुणांक ०.१६, चौथ्याचा ०.२४. इमारतीचं संकल्पचित्र करताना आडवं बल किती धरायचं, ते या गुणांकावरून निघतं. (‘डिझाइन’ला ‘संकल्पचित्र’ हा शब्द सरकारी मराठीने फार चांगला रुजवला. नाशकातली मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना धरणांची संकल्पचित्रंच करते.)

परस:
अगदी हाच घोळ भूजलाच्या बातम्यांत आहे. ‘तालुक्याची पाणीपातळी दोन मीटरने वाढली.’ चांगली बातमी की वाईट?

भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या नोंदी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेते. तक्त्यातला आकडा जमिनीपासून पाण्यापर्यंतच्या खोलीचा असतो. तो ६ वरून ८ झाला तर आकडा वाढला, पाणी मात्र खाली गेलं. तक्ता वाचणारा ‘वाढली’ लिहितो, गावकरी विहिरीत डोकावून उलटं सांगतो. जुन्या बोलीत ही गल्लत होत नव्हती. ‘पाणी किती परसावर?’ असं विचारत (परस हे खोलीचं जुनं माप). ‘पाच परसावर’ म्हटलं की वरून खाली मोजलं हे उघडच. म्हणून ‘पातळी वाढली’ टाळावं, ‘पाणी दोन मीटर वर आलं’ किंवा ‘खाली गेलं’ लिहावं.

मोजतानाही चुका ठरलेल्या. टेप कठड्यावरून सोडायचा आणि कठड्याची उंची वजा करायची. कठड्याची डागडुजी होऊन तो अर्धा मीटर वाढला आणि जुनीच उंची वजा होत राहिली, तर कागदावर पाणी अर्धा मीटर खाली जातं. दुसरं, ‘स्थिर पातळी’तला ‘स्थिर’ मनावर घ्यावा. मोटर नुकतीच बंद केलेली असताना मोजलं तर ती उपशाची पातळी. आपल्या काळ्या पाषाणात झरे बारीक असतात, विहीर भरून यायला रात्र लागते. मोजायचं ते सकाळी, मोटर सुरू करण्याआधी. बातमीत ‘घट’ म्हटलं असेल तर ती कशाच्या तुलनेत, हेही बघा. बहुधा ती मागच्या पाच वर्षांच्या त्याच महिन्याच्या सरासरीशी असते, गेल्या वर्षीशी नव्हे.

शेततळं:
मत्स्यपालनातलाही एक शब्द चर्चेला घ्या: ‘मर’. हरभरा, डाळिंब यांच्याकडून आलेला. तिथे ‘मर’ हे रोगाचं नाव आहे. ‘तळ्यात मर आली’ म्हटलं की ऐकणारा रोगच धरतो आणि औषध शोधायला निघतो. किती मेले, त्याच्या प्रमाणाला कुक्कुटपालनातला ‘मरतुक’ वापरावा. तो कारणाबद्दल काही बोलत नाही, हाच त्याचा गुण.

कारण आधी वागणुकीवरून ओळखावं. पहाटे सगळ्या जातींचे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेताहेत, आधी मोठे मरताहेत, आणि पाणी हिरवंगार आहे: हा प्राणवायूचा तुटवडा, रोग नव्हे. शेवाळं दिवसा प्राणवायू देतं, रात्री घेतं. ढगाळ दिवसानंतरची पहाट सर्वांत वाईट. प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर राहावा. खाद्य लगेच बंद करावं, पंपाने पाणी उंचावरून फवारून परत तळ्यात सोडावं. याला ‘गुदमर’ म्हणावं, शब्द तयारच आहे. उलट एकाच जातीचे, रोज थोडेथोडे, अंगावर व्रण, लाल ठिपके किंवा कापसासारखे पुंजके घेऊन मरत असतील तर रोगाकडे वळावं.

तपासणीला मेलेला मासा पाठवतात ही नेहमीची चूक. मेलेला मासा आधी बुडतो, पोटात वायू धरला की वर येतो. म्हणजे आज तरंगणारा आज मेलेला नसतो, आणि कुजलेल्यात मूळ जंतू शोधणं निरर्थक. मरणाच्या दारातला जिवंत मासा पिशवीत, बाहेरून बर्फ लावून न्यावा, गोठवू नये. ऊती तपासायच्या असतील तर कल्ले, यकृत, मूत्रपिंड यांचे लहान तुकडे १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रावणात ठेवावेत.

अनुस्वार:
‘मरतुक’ ऐकलं की ‘मरतुकडा’ आठवतो, आणि मरतुकडा तर जिवंत असतो.

शेततळं:
हो, पण टक्केवारीला जोडला की तो अर्थ मागे पडतो. ‘आठवड्यात मरतुक ३ टक्के.’ फक्त टक्के कशाचे ते लिहावं. २,००० बोटुकली सोडली आणि ६० मेली म्हणून ३ टक्के, हे तेव्हाच खरं जेव्हा त्या दिवशी तळ्यात खरोखर २,००० होती. वाहतुकीत आणि पाणकावळ्यांनी आधीच ५०० नेली असतील तर ती ४ टक्के होते. आणि ‘बीज सोडलं’ एवढंच लिहू नये. मत्स्यजिरे, मत्स्यबीज, अर्धबोटुकली, बोटुकली या वाढीच्या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, आणि जिऱ्यांची मरतुक बोटुकलीपेक्षा कितीतरी जास्त असते.

गोदाघाट:
धरणाच्या बाबतीत ‘मृत साठा’ शब्द येतो. त्याचा या मरण्याशी संबंध नसावा.

परस:
शब्दाशी नाही. विमोचकाच्या (धरणातून पाणी सोडायच्या दाराच्या) तळाखालचं पाणी दाराने बाहेर काढता येत नाही म्हणून तो साठा ‘मृत’. गंगापूरची ५,६३० दलघफू (दशलक्ष घनफूट) क्षमता सांगतात आणि टक्केवारी काढतात, ती उपयुक्त साठ्याची. म्हणजे ‘धरणात शून्य टक्के’ वाचलं तरी तळाशी पाणी असतं.

शेततळं:
आणि उन्हाळ्यात धरणातले सगळे मासे त्याच मृत साठ्यात जिवंत असतात. दाटी वाढते, पाणी तापतं, प्राणवायू उतरतो. मे महिन्यात धरणावर मासे तरंगले की पहिला आकडा पहाटेच्या प्राणवायूचा घ्यावा. दुपारी बारा वाजता घेतलेल्या नमुन्यात तो भरपूर दिसतो आणि दोष उगाच रोगावर जातो.