चाके बदलण्याआधी दाते मोजावेत
ग्रहगती दाखवणाऱ्या या जुन्या घड्याळातील झिजलेली चाके सरसकट नवी बसवावीत आणि पितळ अमोनियाच्या द्रावणाने लख्ख करावे, या सूचनेबाबत मला गंभीर काळजी वाटते, कारण अशा यंत्रात कारागिराचे सारे गणित दात्यांच्या संख्येतच साठवलेले असते. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने १७ व्या शतकात आपल्या ग्रहयंत्रासाठी शनीच्या गतीचे गुणोत्तर २०६:७ असे, म्हणजे २०६ वर्षांत शनीच्या ७ प्रदक्षिणा, निवडले होते. त्यात २०६ ऐवजी चुकून २०५ दात्यांचे चाक बसले, तर शनीच्या एकाच प्रदक्षिणेत, म्हणजे साधारण २९ वर्षांत, त्याचे स्थान जवळजवळ पावणेदोन अंशांनी सरकेल. घड्याळ मात्र बिनबोभाट चालत राहील आणि चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून यंत्र सुटे करण्यापूर्वी प्रत्येक चाकाचे दाते दोनदा मोजावेत, छायाचित्रे घ्यावीत आणि ग्रहांच्या काट्यांची परस्परस्थिती टिपून ठेवावी.

अमोनियाचे म्हणाल, तर ठोकून घडवलेल्या पितळात ताण राहिलेला असतो आणि अमोनियामुळे त्याला बारीक तडे जाऊ शकतात. तेल फक्त आसांच्या टोकांना, तेही थेंबभरच द्यावे. दात्यांना तेल लावले की त्यावर धूळ चिकटते, तिचे कण मऊ पितळात रुततात आणि (हे पाहून प्रथम मीही चकित झालो होतो) पितळी चाक शाबूत राहून त्याच्याशी जुळलेले पोलादी पिनियनच (लहान दातेरी चाक) खोल झिजते. तेव्हा बदलायचेच असेल, तर आधी पिनियन भिंगाखाली तपासावे.