जळगावला परतताना: आधी कराचं बघा

जर्मनीतून जळगावला परतावं का, असं दोघंही स्वतःचं काम करणाऱ्या एका जोडप्याने इथे विचारलंय. त्यांना कोणीतरी सांगितलंय, की 'आरएनओआर' (परदेशातून परतल्यावर सुरुवातीला मिळणारा, पूर्ण निवासी होण्याआधीचा कराचा दर्जा) असेपर्यंत परदेशी कमाईवर इथे कर नाही. हे अर्धंच खरं आहे! घरी बसून परदेशी ग्राहकाचं काम केलंत, तर ती कमाई इथलीच. तिकडच्या धंद्याची सूत्रं इथून हलवलीत, तरी कर लागतो. आम्ही भुसावळला परतलो तेव्हा हे ठाऊकच नव्हतं. वर्षाअखेरीस सीएंनी आकडा सांगितला आणि हिचा चेहरा खर्रकन उतरला. एनआरई खात्याचंही (अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं) लगेच बघा. ते निवासी करा किंवा रक्कम आरएफसीत, म्हणजे परतलेल्यांसाठीच्या परकीय चलनाच्या खात्यात, वळवा.

बाकी नक्की या. फक्त कामाची खोली पश्चिमेची नको, मे महिन्यात दुपारी भिंतीला हात लावला तरी चटका बसतो.