पार्किन्सन्समध्ये गोळीसोबत कौचबीज सुरू करावं का?

महालवाला
बाबा ६८ चे, दोन वर्षं झाली पार्किन्सन्सला, लेवोडोपाची गोळी दिवसातून तीनदा चालू आहे. आता शर्टाची बटनं लावायलाच दहा मिनिटं लागून राहिली, आईनं लावून दिली की चिडतात. फिरणं पण सोडलं, लोक बघतात म्हणे. काकांनी इतवारीतून कौचबीजाची, म्हणजे खाजकुइलीच्या बियांची पावडर आणली, म्हणतात हा कंपवात आहे, झाडपाल्याचं औषध कशाला बाधेल. देऊ का?

सोनाली_नागपूर
दादा थांबा, आमच्या घरी हेच झालं. आईला गोळी चालू असताना कोणाला न विचारता पावडर दिली आणि काही दिवसांत मान, खांदे आपोआप वळवळायला लागले, रात्री म्हणायची कोपऱ्यात कोणीतरी बसलंय. न्यूरोवाल्या डॉक्टरांनी सांगितलं, कौचबीजात मुळात लेवोडोपाच असतं, जे गोळीत आहे तेच! म्हणजे डोस वाढतच होता आणि पुडीत किती असतं ते कोणालाच माहीत नाही. पावडर बंद केल्यावर थांबलं हळूहळू.

वैद्य_ताई
कौचबीज खरंच औषध आहे, त्याला नावं ठेवू नका, पण आम्ही बिया दुधात उकळून, साल काढून, शुद्ध करून वापरतो आणि मात्रा पेशंट बघून ठरते. वैद्य आणि न्यूरोलॉजिस्ट दोघांना सगळं सांगा. आणि पावडरीच्या भरवशावर गोळी अचानक बंद करू नका, अंग ताठून जीवावर बेतू शकतं.

अंबाझरी_काका
बेटा, मला स्वतःला ७ वर्षं झाली. स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे, मुलीनं तिथं फरशीवर आडव्या पिवळ्या टेपच्या पट्ट्या लावल्या, आता पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल उचलतं. आवाज बसू नये म्हणून रोज पेपर मोठ्यानं वाचतो. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घेतो, पाटोडीच्या दिवशी तर नक्कीच, बेसन, डाळ, दूध असलं प्रोटीन सोबत पोटात गेलं की गोळीचा असर कमी होतो. आणि फिरणं सोडू देऊ नको, उन्हाळ्यात मी ६ च्या आत निघतो, आपल्या उन्हात बीपी खाली जाऊन चक्कर येते. लोक बघतात दोन दिवस, मग तेच नमस्कार करतात. बटनांच्या जागी वेल्क्रो लावून दे, वरून बटनंच दिसतात.

महालवाला
पावडर डब्यात तशीच ठेवली, सोमवारी डॉक्टरांना दाखवतो. काका, अंबाझरीला फिरायला तुम्ही कोणत्या गेटजवळ असता जी? बाबांना घेऊन येतो.