तुमच्या मनातला जवान कोण?

गोवा मुक्तिदिन जवळ आला की मला आग्वादचा किल्ला आठवतो. 19 डिसेंबर 1961. सकाळीच आपलं सैन्य पणजीत शिरलं होतं, लोक रस्त्यावर नाचत होते, पण आग्वादच्या तुरुंगात स्वातंत्र्यसैनिक अजून कोंडलेलेच. त्यांना सोडवायला सातव्या लाइट कॅव्हलरी या रणगाडा पथकाचे मेजर शिवदेवसिंग सिद्धू गेले. किल्ल्यातल्या पोर्तुगीज शिबंदीपर्यंत शरणागतीचा हुकूम पोचला नव्हता. आतून गोळ्या सुटल्या, आणि मेजर सिद्धू व कॅप्टन विनोद सेहगल तिथेच पडले. पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली ती त्याच रात्री! आजोबांचे एक स्नेही त्या तुरुंगात होते. दरवर्षी त्या दिवशी ते जेवायला बसण्याआधी केळीच्या दोन पानांवर भात वाढून बाजूला ठेवायचे. मी ते लहानपणी पाहिलंय.

तुमच्या मनात कोण आहे? तुमच्याशी जोडलेलं असेल ते सांगा.

काणकोणहून
माझं आजोळ कारवारकडचं. तिथल्या चेंडिया गावचे राम राघोबा राणे हे माझे. एप्रिल 1948, नौशेरा ते राजौरी रस्ता. शत्रूने सुरुंग पेरलेले, झाडं आडवी टाकून वाट अडवलेली. मांडीला जखम झालेली असताना हे बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलाचे, सेकंड लेफ्टनंट 8 ते 11 एप्रिल रणगाड्यांसाठी वाट मोकळी करत राहिले. एका ठिकाणी तर रणगाड्याखाली सरपटत जाऊन दोरीच्या ओढीने ड्रायव्हरला खुणा देत होते. त्यांना परमवीर चक्र मिळालं, आणि ते घ्यायला ते हयात होते याचा मला फार आनंद वाटतो.
माझा धाकटा भाऊ खडकीला सॅपर्समध्ये भरती झाला तो ही गोष्ट ऐकूनच. सुट्टीवर आला की कुळागराच्या वाटेनेसुद्धा खाली बघत पाऊल टाकतो. आई म्हणते, ‘अरे, इथे काही नाही रे!’ तो हसतो, पण नजर वर घेत नाही.

वास्कोहून
1961 मध्येच पोर्तुगीजांकडून अंजदीव बेट घेताना नौदलाचे सात जवान गेले. इथल्या आयएनएस गोमंतक या नौदलाच्या तळावर त्यांचं स्मारक आहे. गोव्याच्या शाळेत शिकून मला त्यातलं एकही नाव पाठ नव्हतं, याची अजून खंत वाटते.

मडगावहून
गोवा, दमण, दीव एकच प्रदेश होता तेव्हा काका दीवला शिक्षक होते. 9 डिसेंबर 1971 ला दीवजवळच्या समुद्रात आपली युद्धनौका आयएनएस खुकरी पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट एका खलाशाला दिलं आणि स्वतः जहाज सोडलं नाही. काका सांगायचे की त्या तारखेला ते वर्गातल्या मुलांना किनाऱ्यावर नेऊन उभं करायचे. धडा नाही, भाषण नाही. थोडा वेळ पाण्याकडे बघून सगळे परत.

सत्तरीहून
तुम्ही सगळ्यांनी मोठी नावं सांगितलीत, वाचून डोळे भरले. माझा मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत आहे. बेळगावला शपथ घेतली तेव्हा मी पहिल्या रांगेत होते. आता कुठे आहे ते तो सांगत नाही, मीही विचारत नाही. पंधरा दिवसांनी कधीतरी फोन लागतो, मागे वाऱ्याचा आवाज असतो. पहिलं वाक्य ठरलेलं: ‘आई, जेवलीस?’