शंभर फॉर्मचं सर्वेक्षण बंद करून पोझिशन पेपर घ्यावा का?

पारावरचा (धागालेखक)

एमएच्या नव्या रचनेत दुसऱ्या सत्रात क्षेत्रकार्य किंवा ऑन जॉब ट्रेनिंगला ४ क्रेडिट आहेत, पुढे संशोधन प्रकल्पाला तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्यात ६. सामाजिक शास्त्रांत बऱ्याच ठिकाणी या सगळ्याचा साचा एकच झालाय: गूगल फॉर्म, वीस प्रश्न, शंभर उत्तरं, वीस पाय चार्ट आणि शेवटी "शासनाने जनजागृती करावी". माझं मत, निदान दुसऱ्या सत्रात हे थांबवा आणि दीड-दोन हजार शब्दांचा पोझिशन पेपर, म्हणजे वादाच्या प्रश्नावर एक ठाम भूमिका घेऊन ती युक्तिवादाने मांडणारा लेख, लिहून घ्या.

उदाहरण घेऊ. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना ५० टक्के सवलत आहे. "सवलतीबाबत महिला प्रवाशांचे मत" हा विषय हमखास निवडला जातो. शंभरातल्या नव्वद जणी खूश निघाल्या तर कळलं काय? अर्ध्या तिकिटावर नाखूश कोण असणार?

याच विषयावर भूमिका घ्यायची तर एका वाक्यात मांडावी लागते: "सवलत साध्या गाडीपुरती ठेवावी, शिवशाही-शिवनेरीची काढावी." हिची परीक्षा सोपी. वाक्य उलटं करून बघा. उलटं म्हणणारा शहाणा माणूस सापडला तर ती भूमिका. "महिलांचे सक्षमीकरण झाले पाहिजे" याच्या उलट कोणी बोलत नाही, म्हणून ते नुसतं घोषवाक्य. मग विरोधकाचा सर्वांत तगडा मुद्दा आधी लिहायचा: काही मार्गांवर सोयीच्या वेळेला शिवशाहीच असते, तिथे गरीब बाईने काय करायचं? त्याला उत्तर देता येईना तर भूमिका बदलायची. हे शिक्षण पाय चार्टमधून मिळत नाही.

ही परंपरा आपल्याकडे जुनीच आहे. १८८२ साली ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी दिलेलं निवेदन वाचा. प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, प्रशिक्षित शिक्षकाला १२ रुपयांपेक्षा कमी पगार नको, मोडी-बाळबोध, हिशेब आणि शेतीची तोंडओळख शिकवा. मागणी मोघम नाही, आणि महसूल रयत भरते पण शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गाला जातो हा युक्तिवाद सगळीकडे धरून ठेवलेला आहे.

खानेसुमारी

साफ असहमत. क्षेत्रकार्याच्या ४ क्रेडिटचे १२० तास होतात. ते वाचनालयात बसून कसे भरणार?

आणि भूमिका घ्या म्हटलं की पोरं काय करतात हे माहीत आहे: चार अग्रलेख, दोन भाषणं, "असे अनेक विचारवंतांचे मत आहे" आणि शेवटी "नाण्याला दोन बाजू असतात". हल्ली तर एआयला सांगितलं की दोन मिनिटांत दोन हजार शब्द हातात.

फुल्यांचा दाखला देताय तर अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगिळांचाही घ्या. त्यांच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३६-३७ मध्ये पुण्याचं सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण घरोघरी जाऊन केलं. तेव्हा गूगल फॉर्म नव्हता हे नशीबच.

दोष सर्वेक्षणाचा नाही, ते करण्याच्या पद्धतीचा आहे. तुमच्याच उदाहरणात "सवलत आवडली का" हा प्रश्नच चूक. विचारा: "गेल्या सात दिवसांत एसटीने किती फेऱ्या केल्या? शेवटची फेरी कशासाठी होती? साधी गाडी मिळाली की दुसरी?" वर्तन विचारायचं, मत नाही. सवलतीआधी किती फिरायचात हे विचारू नका, एवढ्या जुन्या फेऱ्या कोणाला आठवत नाहीत, अंदाजे आकडा मिळतो आणि तो सवलतीच्या बाजूने झुकतो.

नमुना असा: एकाच स्थानकावर तीन वेळा ठरवा, सकाळी ७ ते ९, दुपारी १ ते ३, संध्याकाळी ५ ते ७, आणि एक दिवस आठवडी बाजाराचा घ्याच. फलाटावर ठरलेल्या जागी उभं राहून दर पाचव्या बाईला विचारायचं. जी बोलकी दिसते तिला गाठायचं नाही. नकार दिला तर वहीत रेघ मारायची आणि पुन्हा पाच मोजायच्या. प्रश्न दहाच्या वर नकोत, गाडी लागली की बाई निघून जाते. आधी पंधरा-वीस जणींवर चाचणी घ्या. "एसटी वेळेवर आणि स्वच्छ असते का?" असला जोडप्रश्न तिथेच उघडा पडतो, कारण बाई म्हणते, "वेळेवर असते, पण स्वच्छ कुठली!"

तळटीप

खानेसुमारी, पद्धत चोख आहे, पण मोठं भोक राहिलं. स्थानकावर फक्त प्रवास करणारीच भेटते. जिच्या गावात गाडीच येत नाही किंवा जिला घरातून सोडत नाहीत, ती तुमच्या वहीत कधीच येणार नाही. सवलतीचा फायदा कोणाला झाला नाही हे सांगणारी बाई तीच. तेव्हा अहवालाच्या शीर्षकात "महिला" लिहू नका, "अमुक स्थानकावर भेटलेल्या प्रवासी महिला" लिहा.

आकड्यांचंही तेच. ३८४ हा नमुना सगळे जपासारखा म्हणतात. तो ९५ टक्के विश्वासपातळी आणि अधिक-उणे ५ टक्के चुकीसाठी आहे, तोही यादृच्छिक निवड, म्हणजे प्रत्येकीला निवडलं जाण्याची सारखी संधी, असेल तरच. शंभर जणींवर ती चूक जवळजवळ १० टक्के होते. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकून ४०० गोळा केल्या तरी हे सूत्र लागू होत नाही. १९३६ च्या अमेरिकी निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाकडे वीस लाखांहून जास्त मतपत्रिका परत आल्या होत्या, तरी त्यांनी लँडन जिंकणार म्हटलं आणि निवडून आले रूझवेल्ट.

त्यात शंभर जणींचे चार उत्पन्नगट आणि तीन वयोगट पाडले की बारा खाने, सरासरी आठ जणी. त्यावर काय-वर्ग चाचणी (दोन गोष्टींचा संबंध आहे का हे तपासणारी) लावतात आणि अपेक्षित वारंवारता, म्हणजे संबंध नसता तर त्या खान्यात येणारी संख्या, पाचच्या खाली गेलीय हे बघतही नाहीत. बारापैकी सात जणींना "५८.३३ टक्के" लिहिण्यात तर काहीच अर्थ नाही. सरळ "१२ पैकी ७" लिहा.

कोरा फॉर्म

एआयची भीती सर्वेक्षणालाही आहेच की. घरी बसून भरलेले फॉर्म ओळखायचे तर गूगल शीटचा पहिला रकाना बघा, प्रत्येक उत्तराची वेळ तिथे असते. रात्री साडेअकरा ते बारा या वेळात चाळीस उत्तरं आली असतील तर समजून जा. वयाचे पर्याय "१८-२५, २५-३५" असेही बघा. पंचवीस वर्षांच्या मुलीने कुठे टिचकी मारायची?

पारावरचा

@खानेसुमारी, १२० तासांचा मुद्दा मान्य, पण पोझिशन पेपर बसल्या जागी होतो हे चूक. माझ्या उदाहरणात कळीचा आकडा आहे सवलतीची किती तिकिटं कोणत्या प्रकारच्या गाडीत फाटली. तो फलाटावर मिळणार नाही, तिकिटांची नोंद महामंडळाकडेच असते. माहिती अधिकारात अर्ज करा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. "सवलतीची संपूर्ण माहिती द्या" असं लिहिलं तर मोघम उत्तर येणार. "अमुक आगार, एप्रिल २०२४, गाडीच्या प्रकारानुसार महिला सवलतीची तिकिटं" असं लिहा. सत्राच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाकला तरच वेळेत हाती पडेल.

खानेसुमारी

आणि नाही आलं उत्तर, तर? अपील करेपर्यंत सत्र संपतं. फलाटावरचा नमुना निदान विद्यार्थ्याच्या हातात असतो. शिवाय तिकिटाच्या नोंदीत ती बाई दवाखान्यात चालली होती की कॉलेजला, हे नसतं. तुमची भूमिका त्यावरच उभी आहे.

तळटीप

मग दुसऱ्या सत्रात भूमिका एका पानात लिहून घ्या आणि तिच्यातला नेमका हाच न सुटलेला प्रश्न घेऊन फलाटावर पाठवा. साठ जणी पुरतात, पाय चार्ट नको. गुण देताना आधी परिशिष्ट उघडायचं: कोरी प्रश्नावली, नकारांची संख्या, चाचणीनंतर बदललेले प्रश्न. ही तीन पानं नसतील तर पुढचं वाचायची गरज नाही.

पारावरचा

साठ चालतील. पण तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न भूमिकेवरच हवा, आणि उत्तर देताना विद्यार्थ्याने अहवाल उघडायचा नाही.

खानेसुमारी

आणि दुसरा नकारांवर. किती जणी नाही म्हणाल्या आणि का, हे ज्याला न बघता सांगता येत नाही, तो स्थानकावर गेलेलाच नाही.