वायपरची मोटर, काळी माती आणि "ही कला नव्हे"

धागाकर्ता (उमरखेडकडचा): परवा गावच्या ग्रुपवर माझ्या चित्राचा फोटो टाकला. त्यावर उत्तर आलं, "भंगारातली मोटर फिरवून चिखल उडवला की कला होत नाही. हात चालत नाही त्यानं मशीन लावली." म्हणून सविस्तर लिहितो. जुन्या जीपच्या वायपरची मोटर, १२ व्होल्टची बॅटरी, सायकलचं चाक. मोटर हळू फिरते, म्हणून तीच. चाकावर कापड ताणायचं आणि फवारणी पंपानं काळ्या मातीचं पाणी मारायचं, बाभळीचा डिंक घालून. माती वस्त्रगाळ हवी, नाहीतर नोझल तुंबतं. थरावर थर. पोरं भोवती जमून बघतात. मग वाळताना भेगा पडतात, त्यांच्यासाठीच सगळा खटाटोप. आपली माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते. मे महिन्यात वावरात पाय अडकेल एवढी भेग पडते. मला भेगेचं चित्र नको, कापडावर भेगच हवी. हातच लागतो म्हणता, तर नागपुरात जन्मलेले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलरनं रंग पसरायचे. स्विस शिल्पकार ज्याँ टँग्लीनं तर १९५९ साली चित्र काढणारी यंत्रंच बनवली.

चित्रकला शिक्षक: ते मीच लिहिलं होतं. गायतोंड्यांनी आधी मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून १९४८ साली डिप्लोमा घेतला, रोलर नंतर आला. आणि टँग्लीची यंत्रं त्या काळच्या अमूर्त चित्रकारांची फिरकी घेत होती. तुमचा दाखला तुमच्याच विरोधात जातो. तीस वर्षं पोरांना एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसवतोय. आता रेघ ओढायला कोणी तयार नाही, सगळ्यांना थेट अमूर्त पाहिजे.

कास्तकार, दारव्हा: कला मले समजत नाय. पन तो पंप औषधाचाच ना? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारनी करता करता किती मानसं गेले, इसरला का? माह्या मोठ्या भावानं त्या साली फवारनी केलती. कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलती, औषध सारं तोंडावर ये. संध्याकाळी त्याले समोरचा मानूस दिसेना. आठ दिवस दवाखान्यात काढले. अन् तू त्याच टाकीत माती कालवून पोट्ट्यायच्या समोर उडवून रायला?

धागाकर्ता: टाकी तीनदा सोड्यानं धुतली आहे. मीही कापूसच पिकवतो, मला फवारणी शिकवू नका. इथे चर्चा चित्राची आहे.

कास्तकार, दारव्हा: टाकी साफ होते, नळी अन् वायसर नाय. रबर औषध पेते. भावाच्या पंपाचा वास दोन वर्सं गेला नव्हता. शेवटी बापानं खड्डा खंदून गाडला. चित्राची चर्चा तुम्ही करा, मी पोट्ट्यायची करून रायलो.

बचत गटातली, वर्धा: दादा खरं बोलतात. माझे मालक रोजानं फवारणीला जातात. आजवर एकाही शेतवाल्यानं हातमोजे दिले नाहीत. मागितले तर दुसरा माणूस बघतात. धागाकर्ते, तुमच्याकडे कोण फवारतं, तेही सांगा. आणि मास्तर, माझी आजी शेणानं सारवताना बोटांनी अर्धवर्तुळं ओढायची. फूल नाही, देव नाही. हे काय काढलं, असं तिला कोणी विचारलं नाही.

धागाकर्ता: मी स्वतः फवारतो. आणि हातमोजे मीही घालत नाही, ते चूकच आहे.

चित्रकला शिक्षक: सारवणाचं मान्य, पण तो हात होता, मोटर नव्हे. फोटो पुन्हा पाहिला. डाव्या कोपऱ्यात थर पातळ आहे आणि भेग तिथे येऊन थांबते. ते मुद्दाम केलं असेल तर शब्द मागे घेतो. आपोआप झालं असेल तर नाही.

धागाकर्ता: मुद्दाम. बाकी कापडाला अठरा थर, तिथे सात. त्यासाठी आधीची चार कापडं वाया गेली.

चित्रकला शिक्षक: मग घेतला मागे. तेवढ्या कोपऱ्यापुरता.

कास्तकार, दारव्हा: अन् पंप?

धागाकर्ता: आज बाजूला काढला. नवा घेईपर्यंत काम बंद.

कास्तकार, दारव्हा: नळी उकिरड्यावर फेकू नको. कोनी उचलून पान्याले लावन. गाडून टाक.